दोनशे अकरा निरोगी अंगठे

१

"मानवजातीने आजवर तीनच खरे शोध लावले," मोठे साहेब माइकवरून म्हणाले. "पहिला अग्नी, दुसरा चाक, आणि तिसरा आपला हा कामगार आरोग्य कार्यक्रम!"

टाळ्या पडल्या. साहेबांच्या पाठीमागून येणारी ठकठक त्या टाळ्यांत मिसळून गेली, म्हणून पहिली पाच मिनिटं ती कुणाला वेगळी ऐकू आली नाही. ठकठक आदर्श शौचालयातून येत होती. थोड्या वेळापूर्वीच त्याची फीत कापली होती. कार्यक्रमाचे डॉक्टर कौतुकाने आत गेले, त्यांनी कौतुकाने कडी लावली, आणि ती कडी आता उघडायला तयार नव्हती. मानवजातीच्या तिसऱ्या शोधाचा प्रमुख आतून दार बडवत होता आणि बाहेर त्याच्याच कार्याचा गौरव चालला होता.

पहिल्या रांगेत नाकाला रुमाल लावून अण्णा बसले होते.

अण्णांची एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली लोकांची थुंकी बघण्यात गेली होती. त्यामुळे माणसांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. थुंकीबद्दल मात्र आदर होता. थुंकी खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. जेवताना म्हणत. म्हणून निवृत्तीनंतर बायकोने त्यांना दिसेल त्या समितीवर पाठवायचा सपाटा लावला होता. आजची समिती 'निरोगी बांधकाम' ढालीची होती. बावीस मजली इमारतीच्या या कामावर दोनशे बारा कामगार, दोनशे बारा आरोग्य कार्डं. अण्णांनी ती तपासायची, चार वाजेपर्यंत सही करायची, पाचला पाहुणे येऊन ढाल देणार. इतकं सोपं काम की त्यांना सकाळपासून संशय येत होता.

संशयाला कारणही होतं. सकाळी फाटकावर त्यांनी हजेरीचं यंत्र पाहिलं होतं. कामगार येऊन त्यावर अंगठा टेकवायचा, आणि आतली बाई गोड आवाजात म्हणायची, "अंगठा ओळखता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा." दहांतल्या नऊ जणांना ती हेच म्हणत होती. शेवटी रखवालदार वैतागून स्वतःच बटण दाबायचा आणि माणूस आत सोडायचा.

"यंत्र बिघडलंय का?" अण्णांनी विचारलं होतं.

"यंत्र ठणठणीत आहे हो," रखवालदार म्हणाला होता. "बिघडलीत ती माणसं."

तासाभराने भाषण संपत आलं तेव्हा डॉक्टरांना पहारीने बाहेर काढलं. ते घामाने निथळत आले आणि त्यांनी अण्णांपुढे हात केला. आदर्श शौचालयात आदर्श नळ होता, पण पाणी नव्हतं. ते हिरव्या पाइपातून व्यासपीठाभोवतीच्या कुंड्यांना चाललं होतं. अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई धावत आली. हातात फिनेलचा डबा, पदर खोचलेला.

"सिस्टर!" ती ओरडली. "माझ्या भावाचं कार्ड गेलं! कपाटात दोनशे अकराच आहेत!"

२

आरोग्य व्हॅनमध्ये पाऊल टाकल्याबरोबर अण्णांना हुडहुडी भरली. बाहेर पत्रे तापलेले, आत थंडगार वारा. भिंतीला तपमान दाखवणारा छोटा पडदा होता. त्यावर एकोणीसचा आकडा होता.

"कंपनीने औषधं दिली नाहीत," सिस्टर म्हणाल्या, "पण थंड हवा भरपूर दिली."

सिस्टर म्हणजे कार्यक्रमाच्या परिचारिका. आवाज हळू, बोलताना दाराकडे बघायची सवय. फिनेलवाली बाई दारातच उभी होती. तिला सगळं काम ताई म्हणत असे. ती शौचालयं धुवायची आणि तिचा धाकटा भाऊ इथेच फरश्या कापायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं कटरवाला.

"चार महिने कापल्या त्याने फरश्या," ताई म्हणाली. "कटरला पाणी सोडायचं असतं, म्हणजे धूळ बसते. पाणी कुठे आहे? कोरडंच कापायचा. आता दोन पायऱ्या चढला की बसतो. रात्रंदिवस उशीला टेकून बसलेला असतो, आडवं होता येत नाही."

"मग हॉस्पिटल?"

"तेच तर. कार्डावर दिसलं की इथे आला तेव्हा छाती चांगली होती आणि इथे बिघडली, तर कंपनीचं हॉस्पिटल. कार्ड नसेल तर म्हणे आजार बाहेरून आणला. चार वाजता टेम्पो येणार आहे. पाहुणे यायच्या आत खोली रिकामी करा, असं सांगितलंय. बोचकं बांधून ठेवलंय मी." तिने डबा खाली ठेवला. "टेम्पोत उताणा पडून माझा भाऊ कुठवर जाईल, अण्णा?"

अण्णांनी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं.

कार्ड साडेसातला कपाटात होतं. सिस्टरनी स्वतः पाहिलं होतं, कारण नऊला त्या ते ताईला देणार होत्या. साडेसातला मोठ्या साहेबांनी बोलावलं म्हणून त्या व्यासपीठाची फुलं लावायला गेल्या. कपाटाची किल्ली खिळ्यावर.

"किल्ली तिथे असते हे कुणाला ठाऊक होतं?"

"डॉक्टरांना, सेफ्टीसाहेबांना, मुकादमांना. आणि मला. ताईला मी आज नऊलाच सांगितलं."

कपाटाच्या कडीवर बोटभर निळा डाग होता. अण्णांनी वास घेऊन पाहिला. शाई नव्हती, कोरडी भुकटी होती.

टेबलावर छाती तपासायचं यंत्र होतं. कामगार त्याला फुंकणी म्हणत. पुठ्ठ्याची नवी नळी लावायची, दम लागेपर्यंत फुंकायचं, की यंत्रातून आलेखाची पट्टी बाहेर येते. दर महिन्याला प्रत्येकाची एक पट्टी कार्डाला टाचायची आणि खाली त्याचा अंगठा.

"नळ्या रोज नव्या?"

"दर माणशी एक. वापरली की कचऱ्यात."

"कचरा कोण काढतं?"

"मी," ताई म्हणाली. मग तिने पदर नाकाला लावला. "पण अण्णा, महिन्याला दोनच नळ्या निघतात. एक माझ्या भावाची. आणि दुसरी… शी! नका विचारू. चावून चावून लगदा झालेला असतो. चिमट्याने उचलते मी ती."

३

अण्णांनी दोनशे अकरा कार्डं टेबलावर घेतली. खिशातलं जुनं भिंग काढलं. हे भिंग त्यांना निरोप समारंभात मिळालं होतं. इतरांना घड्याळं मिळाली होती.

कार्डं देखणी होती. सगळ्यांच्या छात्या पोहणाऱ्यासारख्या. चार महिन्यांत एकालाही साधा खोकला नाही. डॉक्टरांची सही सगळ्यांवर. सही तर पुढच्या महिन्याच्या कोऱ्या कार्डांवरही होती.

"हे काय?" अण्णांनी विचारलं.

डॉक्टर एव्हाना हात पुसत आले होते, कशाला ते अण्णांनी पाहिलं नाही. "वेळ वाचतो," डॉक्टर म्हणाले. "मी आठवड्यातून एकदा येतो. आणि बरं का, कार्ड चोरण्याचा संशय माझ्यावर घेऊ नका. साडेसात ते नऊ मी कुठे होतो ते सगळ्या गावाने ऐकलंय."

हे मात्र खरं होतं. साडेसातलाच फीत कापली गेली होती. इतका भक्कम पुरावा अण्णांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि इतका दुर्गंधीयुक्त तर नाहीच.

ते परत कार्डांकडे वळले. गवंडी, पंधरा वर्षांचा अनुभव. अंगठा स्वच्छ, एकेक रेघ मोजून घ्यावी असा. प्लास्टरवाला, वीस वर्षं. अंगठा तसाच रेखीव. सळई वाकवणारा. फरशी बसवणारा. सगळ्यांचे अंगठे कसे तान्ह्या बाळासारखे.

अण्णांना फाटकावरची गोड बाई आठवली. 'अंगठा ओळखता आला नाही.'

त्यांनी ताईला जवळ बोलावलं. "या कामावर एखादा जुना गवंडी आहे? त्याचा हात बघायचाय."

ताईने खिडकीतूनच हाक मारली. एक म्हातारा गवंडी आला, हात पुढे केला. अण्णांनी भिंग धरलं. अंगठ्यावर काहीच नव्हतं. सिमेंटने सगळ्या रेघा खाऊन टाकल्या होत्या. चामडं घासलेल्या फरशीसारखं गुळगुळीत.

"ओल्या सिमेंटात हात घातले की वर्षाभरात जातात हो रेघा," म्हातारा हसून म्हणाला. "आमच्यापैकी कुणी खून केला तर सापडायचा नाही बघा."

अण्णांनी पुन्हा एकेक कार्ड भिंगाखाली घेतलं. आता ते रेघा बघत नव्हते, आणखी काही शोधत होते. अंगठ्याच्या मधोमध एक बारीक आडवी पांढरी खूण, जुन्या जखमेसारखी. गवंड्याच्या अंगठ्यावर होती. प्लास्टरवाल्याच्या होती. सळईवाल्याच्या होती.

अकरा वाजता त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि कार्डांचा गठ्ठा दूर सारला.

दोनशे अकरा माणसांना मिळून एकच अंगठा होता.

४

मुकादम नवव्या मजल्यावर भेटला. कामगार हाताळणारा माणूस, एकेकाळचा गवंडी. आवाज असा की मिक्सरला लाजवेल. भिंतीवर सरळ रेघ मारायची म्हणून तो दोरी निळ्या भुकटीत बुडवत होता. एका टोकाला स्वतः, दुसऱ्या टोकाला खिळा. दोरी ताणली, टण्ण करून सोडली, भिंतीवर निळी रेघ उमटली.

अण्णांनी त्या रेघेकडे पाहिलं, मग त्याच्या बोटांकडे.

"कटरवाल्याबद्दल विचारायला आलात ना?" मुकादम म्हणाला. "नाटकं करतो तो. चार फरश्या कापल्या की धापा. मी म्हटलं त्याला, अरे, फुप्फुसं काय तुझ्या सासऱ्याने दिलीत? जपून वापर!"

"त्याच्या कटरला पाणी का नव्हतं?"

"पाइप आहे की. हिरवा."

"कुठे?"

"कुंड्यांना लावलाय. पाहुणे येणार आहेत ना." मुकादमाने पुन्हा दोरी सोडली, गरजेपेक्षा जरा जोरात. "फुलांना धूळ चालत नाही, अण्णा."

हे बोलून त्याला खोकला आला. तो खोकला त्याने तोंड दाबून आतल्या आत जिरवला, पण अण्णांच्या कानाला असले खोकले पाठ होते.

"तुम्ही कधी फुंकलात फुंकणीत?"

"मी? मला कोण बोलावतं? तरी माझं कार्ड फार छान आहे म्हणे. सेफ्टीसाहेबांनी मागच्या आठवड्यात पाठ थोपटली. म्हणाले, मुकादम, घोड्याची छाती आहे तुमची. काल संध्याकाळी तर गंमतच झाली, त्यांचं फोनवर चाललं होतं, की…" आणि मुकादम एकदम थांबला.

"की काय?"

"काही नाही. रेघ वाकडी जाईल." तो पाठ फिरवून उभा राहिला. पण जाताजाता अण्णांना त्याचं पुटपुटणं ऐकू आलं: "त्याचंही उद्या करून टाकतो, म्हणत होते."

५

सेफ्टीसाहेब म्हणजे सुरक्षा आणि आरोग्य अधिकारी. टोपी चकचकीत, बूट चकचकीत, आणि हातात नवेकोरे नारिंगी हातमोजे, जे ते चहा पितानाही काढत नसत. भिंतीवर त्यांचाच फोटो होता, त्याच हातमोज्यांत, 'मी सुरक्षित, तुम्ही?' असं विचारणारा.

"कार्ड? एखादं कार्ड जायचंच," ते म्हणाले. "दोनशे अकरा आहेत ना? शेकडा काढा, नव्याण्णवच्या वर जातं."

"कामगारांची तपासणी कधी होते?"

"सिस्टर जेवायला जातात तेव्हा. मी स्वतः जातीने बसतो."

सिस्टरना अण्णांनी हे आधीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "मी जेवायला गेले की म्हणे रांग लागायची. परत आले की रांग संपलेली. मी वीस मिनिटांत जेवते."

"तुमच्याकडे तक्रारी येतात?" अण्णांनी पुढे विचारलं.

"एकही नाही!" सेफ्टीसाहेबांनी अभिमानाने अण्णांना व्हॅनपाशी नेऊन तिच्या बाहेर लावलेली लाल सूचनापेटी दाखवली. "दोन वर्षं पेटी आहे. एक तक्रार नाही."

"उघडून बघितलीत?"

"उघडायची वेळच आली नाही. तक्रार असती तर कुणीतरी सांगितलं असतं ना."

पेटीचं कुलूप गंजून एकसंध झालं होतं. फटीच्या ओठावर मात्र काहीतरी ताजं होतं. बोटभर निळा डाग.

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसल्यासारखं केलं आणि मग सहज पेटीही पुसली.

"आणि ही नोंद?" त्यांनी व्हॅनमधल्या वहीचं पान पुढे केलं. वहीत चार महिन्यांत एकच आजार लिहिला होता: उष्माघात. रुग्ण: सेफ्टीसाहेब. वेळ: जेवणाची सुट्टी. ठिकाण: आरोग्य व्हॅन.

"त्या दिवशी फार ऊन होतं," सेफ्टीसाहेब म्हणाले.

"व्हॅनमध्ये?"

सेफ्टीसाहेबांनी हातमोजे वर ओढले. "ऊन कुठेही लागतं," ते म्हणाले.

तीन वाजायला आले होते. कटरवाल्याच्या खोलीपुढे टेम्पो येऊन उभा राहिला आणि त्याने हॉर्न दिला. ताई हातात बोचकं घेऊन खोलीच्या दारात उभी होती.

"अण्णा," ती लांबूनच ओरडली, "चार म्हणाले होते ना?"

६

सव्वातीनला अण्णांनी सगळ्यांना व्हॅनमध्ये बोलावलं: मोठे साहेब, डॉक्टर, सेफ्टीसाहेब, सिस्टर आणि मुकादम. टेबलावर पाच रिकाम्या बाटल्या आणि शाईचा पॅड.

"समितीचा नियम आहे," अण्णा म्हणाले. असा नियम नव्हता; तो त्यांनी जिना उतरताना केला होता. "आरोग्य कार्यक्रम सर्वांसाठी असेल, तर तपासणीही सर्वांची. प्रत्येकाने थुंकायचं. झाकण लावायचं. चिठ्ठीवर अंगठा उठवायचा."

"थुंकायचं?" मोठे साहेब म्हणाले. "म्हणजे… मीसुद्धा?"

"घशातून. नुसती लाळ नको. मला फरक कळतो."

पुढची दहा मिनिटं मानवजातीच्या तिसऱ्या शोधाच्या इतिहासात कुणी लिहू नयेत अशी होती. मोठे साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डॉक्टरांनी रुग्णांना वर्षानुवर्षं हेच सांगितलं होतं; आता त्यांना कसं करायचं तेच आठवेना. सिस्टरनी डोळे मिटून काम उरकलं. मुकादमाने एका दमात केलं, आणि बाटलीतला तो करडा गोळा बघून अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी ती बाटली हळूच बाजूला घेतली.

"थुंकी येतच नाहीये," सेफ्टीसाहेब म्हणाले.

"येईल. आठवा, नळी चावून चावून लगदा झाल्यावर तोंडात काय चव राहायची ते."

सेफ्टीसाहेबांचा चेहरा पांढरा पडला, आणि थुंकी आली.

"आता अंगठे. हातमोजे काढून, साहेब."

हातमोजे निघायला बराच वेळ लागला. आतले हात मऊ होते, दुधावरच्या सायीसारखे. अण्णांनी पाचही चिठ्ठ्या ओळीने मांडल्या आणि भिंग धरलं. मोठ्या साहेबांचा अंगठा: रेघा आहेत, खूण नाही. डॉक्टर: खूण नाही. सिस्टर: लहान अंगठा, खूण नाही. मुकादम: नुसता काळा ठिपका, रेघच नाही.

पाचव्या चिठ्ठीवर अंगठ्याच्या मधोमध बारीक आडवी पांढरी खूण होती.

७

"बसा," अण्णा म्हणाले. "या थंड हवेत उभं राहून कुणाला उष्माघात व्हायला नको.

"महिन्याला दोनशे बारा माणसं फुंकतात म्हणता. दोनशे बारा नळ्या कचऱ्यात निघायला हव्यात. निघतात दोन. एक कटरवाल्याची, कारण त्याची बहीण त्याला ओढून आणते आणि सिस्टर स्वतः तपासतात. उरलेल्या दोनशे अकरा जणांसाठी एकच माणूस एकाच नळीत फुंकत होता. सिस्टर जेवायला गेल्या की दार लावून, रोज तीस-तीस. तीस वेळा दम लागेपर्यंत फुंकलं तर थंड हवेतही डोकं गरगरतं आणि माणूस पडतो. एक पडला. त्याची वहीत नोंद आहे.

"मग अंगठे. डॉक्टर कोऱ्या कार्डावर सही देतात, तेव्हा ते अंगठे कशाला उठवतील? त्यांना कार्ड उघडायचाही कंटाळा. मुकादमाला जमणारच नाही, त्याला रेघाच नाहीत. सिस्टरना माहीत आहे की गवंड्याचा अंगठा उमटत नाही. चार महिने त्या कटरवाल्याच्या कार्डावर नुसता डाग उठलेला बघत आल्या. असली चूक करेल तो एकच माणूस. ज्याने कामगाराचा हात कधी जवळून बघितला नाही. जो फाटकावर कधी थांबत नाही, गाडीतून सरळ आत येतो. ज्याला वाटतं की अंगठा सगळ्यांना असतोच."

सगळे सेफ्टीसाहेबांकडे बघत होते. सेफ्टीसाहेब आपल्या अंगठ्याकडे.

"लहानपणी डबा उघडताना कापलं होतं," ते म्हणाले. मग एकदम उसळले. "पण यात कुणाचं नुकसान झालं, सांगा ना! माणूस खाली आणायचा म्हणजे लिफ्ट अडते. लिफ्ट अडली की विटा अडतात. दोनशे माणसांची अर्धा-अर्धा तास! साहेब, तुम्हीच म्हणालात, कार्यक्रम झाला पाहिजे आणि काम थांबता कामा नये. मी दोन्ही केलं! डोकं गरगरलं ते माझं!"

मोठे साहेब छताकडे बघू लागले. छत चांगलं होतं.

"खरं आहे," अण्णा म्हणाले. "चार महिने या इमारतीवर दोनशे अकरा माणसं तुमच्या फुप्फुसांनी श्वास घेत होती. स्वतःची फुप्फुसं कुठे गेली ते कुणी विचारलंच नाही."

"ते ठीक आहे," डॉक्टर घाईने म्हणाले, "पण कटरवाल्याचं कार्ड यांनीच चोरलं ना?"

"छे! यांना चोरायची गरजच काय? हे दुसरं बनवून जागेवर ठेवणार होते, घोड्याच्या छातीचं. गेलेलं कार्ड बोंब मारतं, बदललेलं कार्ड गप्प बसतं. ज्याने ते उचललं त्याला बोंब हवी होती, आणि कार्ड सुरक्षित हवं होतं. मी विचार केला, या कामावर सगळ्यांत सुरक्षित जागा कोणती? जिथे अधिकाऱ्याचा हात दोन वर्षांत गेलेला नाही अशी?" अण्णा उठले. "मुकादम, ती पहार घ्या."

कुलूप एका झटक्यात तुटलं. लाल पेटीचं तोंड उघडलं आणि दोन वर्षांचे कागद भळभळा बाहेर पडले. चुरगळलेल्या चिठ्ठ्या, सिगारेटच्या पाकिटांच्या पाठी, सिमेंटच्या पोत्याचे तुकडे. तोंडाला बांधायला काही द्या. पाणी द्या. नववा मजला, शिडी हलते. पाणी द्या. कटरला पाणी द्या. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, फक्त एक गुळगुळीत काळा अंगठा.

सगळ्यांत वर, दुमडलेलं, कटरवाल्याचं कार्ड. चार पट्ट्या टाचलेल्या. पहिल्या पट्टीतली रेघ टेकडीसारखी चढलेली. दुसरीतली बुटकी. तिसरीतली त्याहून. चौथीतली रेघ जेमतेम उठून आडवी झालेली.

सिस्टर रडायला लागल्या. धावत आलेल्या ताईने कार्ड घेतलं, उलटं धरलं, सरळ धरलं, छातीशी धरलं.

"पण पेटीत टाकलं कुणी?" मोठ्या साहेबांनी विचारलं. "चोरी ती चोरीच!"

"चोरी कसली?" अण्णा शांतपणे म्हणाले. "सूचनापेटी आहे. कुणीतरी सूचना केली. तुमच्याकडे आलेली सगळ्यांत चांगली सूचना."

मोठे साहेब जवळ सरकले, आवाज खाली आणला. "अण्णा… ढालीचं काय?"

अण्णांनी समितीचा कागद काढला आणि सहीच्या जागी लिहिलं: 'एकूण दोन माणसांची फुप्फुसं तपासली गेली. एक निरोगी. एक नाही. उरलेल्यांची उद्यापासून खरी तपासणी व्हावी; पहिला मुकादम.' आणि कागदाची एक प्रत कामगार कचेरीला जाईल, हेही त्यांनी साहेबांना वाचून दाखवलं.

टेम्पोवाल्याला साहेबांनी स्वतः हाताने परत जायची खूण केली.

बाहेर पडताना मुकादम अण्णांच्या बाजूने चालू लागला.

"रुमाल खराब झाला तुमचा," तो म्हणाला.

"धुतला की जाईल."

"निळी भुकटी जात नाही लवकर."

"मग राहू दे," अण्णा म्हणाले. "आणि तुमची बाटली मी घेऊन चाललोय. सोमवारी माझ्याकडे या. नाटकं न करता."

८

कटरवाल्याची खोली पत्र्याची होती, फरश्या कापायच्या शेडला लागून. तो उशीला टेकून बसला होता. तिशीचा माणूस, खांदे म्हाताऱ्याचे. आरोग्य व्हॅन पाच वाजता त्याला हॉस्पिटलात नेणार होती. व्हॅन घेतल्यापासून तिच्यातून रुग्ण न्यायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे चालक स्ट्रेचर कुठे ठेवलंय ते शोधत होता. ताई बोचकं सोडत होती, मग हॉस्पिटलसाठी पुन्हा बांधत होती.

अण्णा स्टूल ओढून बसले. एकतीस वर्षांत त्यांचं काम कुणी ऐकून घेतलं नव्हतं. समोरच्याला उठून जाता येत नाही, असा श्रोता त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता. त्यांनी सगळं सांगितलं. फाटकावरची गोड बाई. लगदा झालेली नळी. थंड हवेतला उष्माघात. दोनशे अकरा अंगठे आणि त्यावरची एक पांढरी खूण. एखाद्या माणसाने हातच न बघता हात बनवले की काय होतं. सत्य कसं कितीही कुलपं लावली तरी एके दिवशी बाहेर येतं, आणि यापुढे या कामावर, किंबहुना सगळ्याच कामांवर, कसा नवा…

शेजारच्या शेडमध्ये कटर सुरू झाला. कर्कश, कोरडा. त्याच्या जागी दुपारीच नवा माणूस लावला होता. हिरवा पाइप अजून कुंड्यांनाच होता. ढाल नाही मिळाली तरी पाहुणे येणारच होते.

"…असा नवा अध्याय," अण्णांनी आवाज चढवून वाक्य पुरं केलं.

कटरवाल्याने हात जरासा वर केला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. ताई थांबली. अण्णा पुढे वाकले. आभार मानायला माणसाला दम लागला तर तो त्याला द्यावा, एवढी सभ्यता त्यांच्यात होती.

"अण्णा," कटरवाला म्हणाला. मध्येच थांबून त्याने श्वास गोळा केला. "तेवढी… खिडकी लावता का? धूळ येतीये."